रानाची भाजी आणि सावधपणाची विद्या

रोहिणीच्या किंवा मृगाच्या पहिल्या सरींनी जमीन भिजली की ठाणे, वसई, कर्जत, पनवेल या भागांतील बाजारांत, आणि दादरसारख्या मुंबईतील गजबजलेल्या पेठेच्या कडेलाही, डोंगरपट्ट्यातून पहाटेच्या गाडीने उतरलेल्या ठाकर, कातकरी आणि वारली स्त्रिया आपापल्या पाट्या मांडून बसतात, आणि त्या पाट्यांत इतर सर्व भाज्यांपेक्षा अधिक मानाने शेवळांच्या जुड्या रचलेल्या असतात. ही जुडी देताना विकणारी स्त्री बहुधा काकडाच्या हिरव्या, आंबट फळांची एक मूठही गिऱ्हाइकाच्या पिशवीत टाकते. काकडांवाचून शेवळे शिजवावयाची नाहीत, हे तिला कोणी पढविलेले नसते, आणि पाठारे प्रभू, चांद्रसेनीय कायस्थ प्रभू किंवा सोमवंशी क्षत्रिय घरातील जुन्या गृहिणीला ते कोणी सांगावेही लागत नाही. शेवळ हे सुरणाचे आणि अळवाचे सगोत्र. त्याच्या गरात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईच्या आकाराचे सूक्ष्म स्फटिक असतात, आणि ते जिभेत, टाळूत, घशात रुतले म्हणजे खाणाऱ्याचे प्राण कंठाशी येतात. म्हणून आतील दांड्याचा पिवळा भाग काढून टाकावयाचा, उरलेले बारीक चिरून पुष्कळ वेळ शिजवावयाचे, आणि काकडांचा आंबट रस त्यात उतरवावयाचा, एवढे संस्कार झाल्यानंतरच ते सोललेल्या वालांबरोबर किंवा कोलंबीबरोबर ताटात येण्यास पात्र ठरते. अन्न आणि त्याच्यातील अपायाचा उतार ही दोन्ही एकाच पाटीतून, एकाच हाताने, एकाच वेळी दिली जावीत, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, आणि रानातील अन्नाविषयी मला जे म्हणावयाचे आहे त्याचा आधारही तीच आहे.

रानात जाऊन स्वतःच्या हाताने भाजी खुडावी, कंद ओळखावे, अळंबी शोधावी, अशी एक ओढ अलीकडे शहरांतील सुशिक्षित वर्गात निर्माण झाली आहे, आणि ती सर्वथा स्वागतार्ह आहे. कारण दोन-तीन पिढ्यांपूर्वी ज्या समाजाच्या जेवणात आषाढाची चव श्रावणाहून आणि श्रावणाची भाद्रपदाहून वेगळी लागत असे, त्याच समाजाच्या ताटात आज बारा महिने कोबी, फ्लॉवर आणि सिमला मिरची यांचीच फेरपाळी चाललेली असते, आणि पाऊस आला काय किंवा गेला काय, जिभेला त्याची वार्ताही लागत नाही. परंतु या ओढीच्या पाठोपाठ एक समजूतही आली आहे. जे निसर्गातून आले ते निर्मळ, आणि जे निर्मळ ते निर्धोक, अशी ती समजूत असून, रानातील वस्तूंविषयी वाटणारे भय हा नागर जीवनाने माणसाला जडविलेला एक विकार आहे आणि तो झटकून टाकल्यावाचून निसर्गाशी तादात्म्य साधणार नाही, असे तिचे पुढचे पाऊल असते. माझे मत याच्या थेट विरुद्ध आहे. रानाशी ज्यांचा संबंध खरोखर जवळचा होता आणि आहे, त्यांच्या वर्तनात मला भयाचा अभाव कोठेही आढळत नाही. आढळते ते अतिशय नेमके, अचूक ठिकाणी ठेवलेले, पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेले भय. कोणत्या वेलीचा कंद खावा, कोणत्या वेलीच्या कंदाला मुलांनी हातही लावू नये, कोणते पान आषाढात चालते आणि आश्विनात चालत नाही, हे ज्याला ठाऊक आहे तोच रानाच्या जवळ असतो. ज्याला ते ठाऊक नाही, तो रानाच्या मध्यभागी उभा असला तरी रानापासून दूरच आहे.

निसर्ग निर्दोष असतो हा ग्रह किती पोकळ आहे, हे पाहण्यास घनदाट अरण्यात जावे लागत नाही. श्रावणात कुंपणाकुंपणावर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुले धारण करणारी कळलावी आपल्या परिसरातील सर्वांत सुंदर वेलींपैकी एक आहे, आणि रताळ्याची आठवण करून देणाऱ्या तिच्या कंदात कोल्चिसीन नावाचे जे विष असते त्याने प्रथम काही तासांनी वांत्या आणि जुलाब, मग शरीरातील एकामागून एक अवयवाचा नाश, असा क्रम चालू होतो. देवाला वाहिली जाणारी कण्हेर हृदयाची गती थांबवू शकते. गुंजेचे देखणे बी, धोतऱ्याचे काटेरी फळ, काजऱ्याची चपटी बी, ही सारी याच मुलखातील, याच मातीतील, कोणत्याही कारखान्याचा स्पर्श न झालेली आहेत. मोगली एरंडाची तर कुंपणेच्या कुंपणे खेडोपाडी शाळांच्या भोवती लावलेली असतात. त्याच्या बिया चवीला बदामासारख्या लागतात म्हणून मुले त्या फोडून खातात आणि वांत्यांनी बेजार होऊन रुग्णालयात दाखल होतात, अशा वार्ता वर्तमानपत्रांतून आपण वारंवार वाचतो. वनस्पतीने आपली पाने आणि बिया आपल्यासाठी निर्माण केलेल्या नाहीत. ज्यांच्यापासून तिला पळून जाता येत नाही त्यांच्यापासून स्वतःला वाचविण्यासाठी तिने रसायने सिद्ध केली आहेत, आणि आपली भाजी म्हणजे या संरक्षणात माणसाला पिढ्यांच्या अनुभवाने सापडलेल्या फटी होत.

या फटी किती अरुंद असतात, याचे एक उदाहरण थोडे विस्ताराने मांडणे आवश्यक आहे. टाकळा ही महाराष्ट्रातील बहुधा सर्वांत परिचित रानभाजी. पावसाच्या पहिल्या पंधरवड्यात रस्त्याच्या कडेला, पडीक जमिनीत, गावठाणाच्या उकिरड्यावर सुद्धा तो दाटीने उगवतो, आणि त्याची कोवळी पाने कांदा-लसणीवर परतून ओल्या खोबऱ्याबरोबर घरोघर खाल्ली जातात. कोठे त्यात फणसाच्या आठळ्या घालतात, कोठे हरभऱ्याची डाळ. याच्याच कुळातील, याच्याच शेजारी, याच ऋतूत, याच पिवळ्या फुलांचे दुसरे झुडूप उगवते ते कासविंद्याचे, आणि त्याला काही भागांत लोक रानटाकळा असेही म्हणतात. उत्तर प्रदेशाच्या पश्चिम भागात, बिजनौर आणि सहारनपूर या जिल्ह्यांत, शरद ऋतूत लहान मुलांना एकाएकी ताप, वांत्या, बेशुद्धी येऊन ती दगावत, आणि हा कोणता तरी विषाणुजन्य मेंदूज्वर आहे असे अनेक वर्षे मानले जात होते. २००७ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले की तो मेंदूज्वर नव्हताच. ती गरीब घरची मुले खेळता खेळता कासविंद्याच्या शेंगांतील बी खात होती, आणि त्या बियांतील विष यकृत, स्नायू आणि मेंदू या तिन्हींवर एकदम आघात करीत होते. शेंगा पिकण्याचा काळ आणि मृत्यूंचा काळ एकच होता. परंतु ज्यांच्या डोळ्यांसमोर ते झुडूप उभे होते त्यांनी त्याचे नाव घेतले नाही, आणि जे नाव शोधीत होते ते रक्ताच्या नमुन्यांत विषाणू शोधीत राहिले.

आता टाकळा आणि कासविंदा यांतील भेद सांगता येत नाही असे मुळीच नाही. टाकळ्याच्या पानात बहुधा पर्णिकांच्या तीन जोड्या असतात, आणि प्रत्येक पर्णिका टोकाकडे रुंद व गोलसर असते. कासविंद्याच्या जोड्या सामान्यतः अधिक असून पर्णिका भाल्यासारख्या टोकदार असतात. टाकळ्याची शेंग बारीक, लांब आणि विळ्यासारखी वाकलेली, तर कासविंद्याची चपटी आणि कडेला फिकट रेघ असलेली. इतके वाचल्यानंतर वाचकास वाटेल की आता मला ओळखता येईल. येथेच माझा मुख्य आक्षेप आहे. वर्णनावरून आलेली ओळख आणि सहवासातून आलेली ओळख यांत जे अंतर आहे, ते प्रसंगी जीवन आणि मरण यांतील अंतर असते. कारण भाजी खुडावयाची ती कोवळी असताना, म्हणजे जेव्हा फूल आलेले नसते, शेंग धरलेली नसते, आणि वर्णनातील निम्मी लक्षणे अद्याप अस्तित्वातच नसतात.

म्हणून रानाचे शिक्षण खुडण्याच्या क्षणी सुरू होऊ शकत नाही. आषाढात कुर्डूचे रोप खुडणारी बाई ते ओळखते, याचे कारण मागील आश्विनात तिने त्याच बांधावर त्याचे गुलाबीसर पांढरे तुरे पाहिलेले असतात, त्याचे बी तेथेच सांडलेले तिला ठाऊक असते, आणि वर्षभर त्या जागेवरून ती ये-जा करीत असते. तिला रोप ओळखावे लागत नाही. तिला त्या जागेचा संपूर्ण इतिहास ठाऊक असतो. ज्याला रानभाजी शिकावयाची इच्छा आहे त्याने, निदान पहिले वर्षभर, काहीही खाऊ नये, असे मी निःसंकोचपणे सांगेन. एक ओढ्याकाठ, एक टेकडी, एक पडीक मळा निवडावा, आणि तेथील आठ-दहा वनस्पती उगवण्यापासून वाळण्यापर्यंत, सर्व अवस्थांत, जाणत्या माणसाच्या संगतीने पाहाव्या. पान चुरगळले असता येणारा वास, देठ मोडला असता निघणारा चीक, खोडावरील लव, मातीचा प्रकार, शेजारी उगवणारी इतर झाडे, ही सर्व साक्षीदार मंडळी एकमुखाने बोलू लागली म्हणजे मग ओळख पक्की झाली असे समजावे. मोबाइलवरील ॲपने छायाचित्रावरून सांगितलेल्या नावाची मी अवहेलना करीत नाही. प्रश्न कोणता विचारावा हे कळण्यास त्याचा उपयोग होतो. परंतु छायाचित्राला वास नसतो, चीक नसतो, आणि शेजारही नसतो. त्याच्या आधाराने वनस्पती वहीत नोंदवावी, तोंडात घालू नये.

अळंबीच्या बाबतीत तर ही गोष्ट अधिकच तीव्र होते. पावसाळ्याच्या मध्यावर कोकणात आणि गोव्यात वारुळांच्या जागी जी अळंबी वर येते, जिला गोव्यात अळमी म्हणतात आणि जिच्यासाठी तेथील बाजारात लोक वाटेल ती किंमत मोजतात, ती वस्तुतः वाळवीच्या आश्रयाने वाढते. वाळवी आपल्या वारुळाच्या पोटात एक बुरशी जोपासते, आणि त्या बुरशीची छत्री जमिनीबाहेर येते तीच ही अळंबी; वाळवीवाचून तिची लागवड करणे माणसाला साधलेले नाही. जाणते लोक ती ओळखतात ते केवळ आकारावरून नव्हे, तर कोणत्या वारुळावर, कोणत्या पंधरवड्यात, कशा पावसानंतर ती दरवर्षी येते या माहितीवरून. ज्याला ही माहिती नसते तो लोकांत रूढ असलेल्या परीक्षांचा आश्रय घेतो: चांदीचे नाणे काळे पडले तर विषारी, किड्यांनी खाल्लेली असेल तर निर्धोक, साल सुटते ती खाण्याजोगी, आणि चांगली उकळली म्हणजे विष जाते. या चारही परीक्षा खोट्या आहेत, आणि हे जितक्या मोठ्याने सांगता येईल तितक्या मोठ्याने सांगितले पाहिजे. अमानिटा वर्गातील काही प्राणघातक भूछत्रांतील विष शिजविल्याने नष्ट होत नाही, चांदीला काळे करीत नाही, आणि त्याची चवही वाईट नसते. खाल्ल्यानंतर सहा ते बारा तास, कधी त्याहूनही अधिक वेळ, काहीच होत नाही. मग वांत्या-जुलाब होतात. मग ते थांबून रोगी बरा झाला असे घरच्यांस वाटते. आणि त्याच अवधीत आत यकृताचा नाश चालू असतो. या मधल्या खोट्या आरामामुळे जे घरी थांबले आणि दगावले, त्यांना वाचविण्यास रुग्णालयात लवकर नेणे हाच मार्ग होता. शंका असलेली अळंबी खाऊन काही तासांनी त्रास सुरू झाला, तर उरलेला तुकडा बरोबर घेऊन तत्काळ मोठे रुग्णालय गाठावे, आणि बरे वाटू लागले म्हणून परत फिरू नये. नवशिक्याने रानातील अळंबी स्वतःच्या निर्णयाने कधीही खाऊ नये, हा नियम मला निरपवाद वाटतो.

ओळखीइतकाच महत्त्वाचा आहे तो संस्कार. कडू कंद हे याचे ठळक उदाहरण. सह्याद्रीतील कातकरी आणि ठाकर लोक तो खणून आणतात, त्याच्या चकत्या करतात, राखेच्या पाण्यात उकडतात, आणि रात्रभर ओढ्याच्या वाहत्या पाण्यात टोपलीत घालून ठेवतात. कडूपणा आणि त्याबरोबर विषही वाहून गेल्यावर मग तो खातात. रसायनशास्त्राचे कोणतेही पुस्तक न वाचता क्षाराने आणि प्रवाहाने विष उतरविण्याची ही रीत ज्यांनी शोधली, त्यांच्या बुद्धीपुढे मी नम्र होतो. आणि त्या शोधाच्या मागे ज्यांनी चुकीची चकती खाल्ली असेल, अशा अनामिकांचाही विचार मनात आल्यावाचून राहत नाही. ही रीत अर्धवट ऐकून अर्धवट केली तर तिचा उपयोग शून्य. जागेचाही विचार याच सदरात येतो. लोहमार्गाच्या कडेचा टाकळा, शहरी नाल्याकाठचा माठ, तणनाशक फवारलेल्या बांधावरील घोळ, औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्यावर पोसलेले अळू, या सर्व वनस्पती जातीने खाद्य असूनही वर्ज्य आहेत, कारण मातीत आणि पाण्यात जे असेल ते मुळांवाटे पानांत येते. पूर्वीच्या माणसाला ही चिंता नव्हती. आपल्याला आहे, आणि म्हणून परंपरेने दिलेल्या विद्येत ही एक भर आपल्या पिढीने घातली पाहिजे.

ही विद्या समाजात टिकवून धरण्याची एक योजना आपल्या व्रतांतही दिसते, आणि तिच्याकडे केवळ धार्मिक आचार म्हणून पाहणे अपुरे आहे. भाद्रपद शुद्ध पंचमीला, म्हणजे ऋषिपंचमीला, बैलाच्या श्रमाने पिकलेले काहीही खावयाचे नाही, असा दंडक आहे. म्हणजे वर्षातून निदान एक दिवस घरातील स्त्रियांनी नांगरटीबाहेरच्या अन्नाकडे वळले पाहिजे, परसातील आणि रानातील पाने व कंद एकत्र आणून एक भाजी सिद्ध केली पाहिजे. आषाढी एकादशीचा उपवास द्वादशीला सोडताना वाघाट्याची भाजी करण्याची चाल घाटावर अनेक घरांत आहे, आणि वाघाटी ही कोणाच्या मळ्यात लावलेली नसते. काटेरी जाळीत शिरून तिची फळे काढावी लागतात. अशा चालींमुळे प्रत्येक पिढीतील कोणाला तरी, दरवर्षी, एका ठरावीक तिथीला, त्या वनस्पतीपर्यंत स्वतः चालत जावे लागे, आणि बरोबर नेलेल्या मुलीला ती दाखवावी लागे. आज ऋषीच्या भाजीचे सारे जिन्नस मंडईत एकत्र बांधून मिळतात. त्यामुळे व्रत सांभाळले जाते, पण त्या वाटेवरून जाण्याचा प्रसंग उरत नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो मी हलका मानीत नाही. ज्याला तुम्ही विद्या म्हणता ती वस्तुतः उपासमारीची संतती आहे, असे कोणी म्हणेल. मुंबई इलाख्यात १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळानंतर गॅमी नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने दुष्काळात लोक खात असलेल्या वनस्पतींची एक टिपण-यादी १९०२ मध्ये प्रसिद्ध केली. अशा यादीची गरज सरकारदरबारी भासावी, यातच हे अन्न कोणत्या परिस्थितीत किती लोकांच्या मुखी आले होते ते स्पष्ट होते. कडू कंदाला रात्रभर पाण्यात ठेवणाऱ्या बाईला घरात तांदूळ असता तर तिने तो खटाटोप केला असता काय? कदाचित केला नसता. परंतु एवढ्याने शेवळ, करटोली, भारंगी, कवळा, चाईचा मोहोर, बांबूचे कोंब ही सारी दारिद्र्याची खूण ठरत नाही. यांतील कित्येक भाज्या सुखवस्तू घरांतही वाट पाहून, दर ऋतूला एकदा तरी, आवडीने खाल्ल्या गेल्या आहेत. भुकेने माणसाला काय खाता येते ते शिकविले असेल. काय रुचते, कशाबरोबर रुचते, आणि कधी थांबावे, हे भुकेने शिकविलेले नाही.

त्याहून मोठा अन्याय निराळाच झाला, आणि त्याचा उल्लेख केल्यावाचून या विषयावर लिहिणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. १८७८ च्या आणि पुढे १९२७ च्या जंगल कायद्याने ज्या डोंगरांवर रयतेची वहिवाट होती ते राखीव झाले, आणि पिढीजात वहिवाटीने घेतलेले गवत, लाकूड, फळे, कंद हे दप्तरात गुन्हा म्हणून नोंदले जाऊ लागले. जुलै १९३० मध्ये बापूजी अण्यांनी पुसद येथे राखीव जंगलातील गवत कापून कायदेभंग केला, आणि त्याच वर्षी २५ सप्टेंबरला उरणजवळ चिरनेरच्या अक्कादेवीच्या माळावर जंगल सत्याग्रहासाठी जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला. या घटनांच्या मुळाशी रानावरील नित्याच्या, घरगुती हक्काची हीच हानी होती. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरील हक्क वननिवासींना मान्य केला आणि त्यात मुळे व कंद यांचा समावेश स्पष्टपणे केला. २००९ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्काचा दाखलाही मिळाला. तथापि अनेक ठिकाणी अंमलबजावणी अद्याप कागदावरच आहे. शहरातून रानभाजी शोधावयास जाणाऱ्या माणसाने हे ध्यानात ठेवले पाहिजे की जेथे तो हौसेने वाकून कंद उकरतो, तेथेच त्याला वाट दाखविणाऱ्याच्या आजोबाला त्याच कृत्याबद्दल दंड झालेला असू शकतो. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानासारख्या ठिकाणाहून तर वनस्पती काढून नेणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये कोणालाही मोकळे नाही. अशा माणसाने रानात जावे ते शिष्य म्हणून, आणि शिकविणाऱ्याला त्याच्या श्रमाचा व ज्ञानाचा योग्य मोबदला देऊन. एखाद्या संगीतशिक्षकाला शुल्क देताना ज्याचा हात आखडत नाही, त्याने दिवसभर डोंगर हिंडवून वीस वनस्पती दाखविणाऱ्या ठाकर म्हाताऱ्याच्या हातावर चहापुरते पैसे ठेवून परतणे मला शोभणारे वाटत नाही.

किती घ्यावे हा प्रश्नही ओळखीच्या बाहेरचा नाही. फोडशीची पाने खुडली तर जमिनीतील मूळ राहते आणि पुढच्या पावसात पुन्हा फुटते. परंतु तिच्याच जातकुळीतील सफेद मुसळी, जिच्या शास्त्रीय नावात बोरिवलीचे नाव कायमचे जोडले गेले आहे, तिच्या मुळांना औषधी बाजारात किंमत आल्यावर ती मुळासकट उपटली गेली आणि अनेक डोंगरांवर विरळ झाली. पानाचा उपभोग घेणारा पुढल्या वर्षी परत येण्याचा करार करीत असतो, आणि मुळाचा व्यापार करणारा तो करार मोडून टाकतो. शासनाचा कृषी विभाग ऑगस्टच्या सुमारास जिल्ह्याजिल्ह्यांत रानभाजी महोत्सव भरवितो, आणि त्यातून आदिवासी स्त्रियांच्या हाती चार पैसे पडतात ही चांगली गोष्ट आहे. परंतु मागणी वाढली की शेवळाचे कंद जमिनीत ठेवण्याची शिस्त सुटण्यास वेळ लागणार नाही. म्हणून महोत्सवाच्या मांडवात भाजीबरोबर ती कशी आणि किती काढावी हेही गिऱ्हाइकाला दाखविले जावे, आणि मुळासकट आलेला माल तेथे विकू देऊ नये.

माझ्या दृष्टीने या शिक्षणाचा आरंभ विषारी वनस्पतींपासून व्हावा. जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेत, पावसाळ्याच्या आधी, त्या गावातील जाणत्या बाईला मानधन देऊन बोलवावे. तिने मुलांना प्रथम कळलावी, धोतरा, गुंज, कण्हेर आणि मोगली एरंड ही पाच झाडे शाळेभोवतीच, हाताने दाखवून, नाव घेऊन, ओळखवून द्यावी, आणि ती मुलांना खात्रीने ओळखता आली की मगच आंबुशी, घोळ, केना अशा अंगणातील सोप्या भाज्यांकडे वळावे. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यालाही त्या दिवशी तेथे बसवावे, म्हणजे रात्री-अपरात्री एखादे मूल वांत्या करीत त्याच्याकडे आणले गेले, तर कोणती बी, कोणत्या कुंपणावरची, हे विचारण्याचे त्याला सुचेल. शाळेच्या कुंपणासाठी मोगली एरंडाऐवजी करवंद किंवा सागरगोटा लावण्यास ग्रामपंचायतीचा एक ठराव पुरेसा आहे, आणि तो या पावसाळ्यापूर्वीच करता येण्यासारखा आहे.